वस्तरा, पट्टा आणि ती एक पलटी

वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचं म्हटलं की सगळे वस्तरा कसा धरायचा, गळ्याखालची कातडी कशी ताणायची, फेस किती घट्ट हवा यावरच बोलतात, पण माझं मत विचाराल तर अर्धं काम आरशासमोर उभं राहायच्या आधीच पट्ट्यावर (म्हणजे वस्तरा ज्याच्यावर घासतात त्या चामड्याच्या लांब पट्टीवर) झालेलं असतं किंवा बिघडलेलं असतं. आणि पट्टा म्हटलं की आपल्याला आठवतो तो पडद्यावरचा न्हावी, सपासप सपासप हात चाललाय आणि साहेब बघतायत भलतीकडेच. ते चित्र आधी डोक्यातून काढा, स्पीडचा आणि धारेचा काहीही संबंध नाही.

मुळात पट्ट्यावर धार लावत नाहीत. धार लागते दगडावर, तिथे स्टील झिजतं. साधं चामडं स्टील फारसं खात नाही, ते फक्त आहे ती धार सरळ आणि स्वच्छ करतं. वस्तऱ्याची कड एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असते, दाढी करताना ती जागोजागी किंचित वाकते, वर पाण्यामुळे गंजाची सुरुवात होते ती वेगळीच (कार्बन स्टील असेल तर फारच लवकर). हे दोन्ही पट्ट्याने निस्तरतं. टवका उडाला असेल तर मात्र पट्टा काही करू शकत नाही. केसाने कुठे स्टीलचा टवका उडतो का असं वाटेल, पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर छापलाय, त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ब्लेडने केस कापून बघितले. केस स्टीलपेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी कड तुटते, केस तिरका वाकला आणि त्या जागी स्टीलची रचना एकसारखी नसली की. ते प्रयोग साध्या डिस्पोजेबल ब्लेडवर होते, पण दाढीचा केस आपल्याला वाटतो तेवढा गरीब नाही एवढं त्यातून कळतं.

आता हात. वस्तऱ्याची पाठ जाड असते ती उगाच नाही, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकवली की कोन आपोआप बरोबर येतो, दोन्ही बाजू मिळून साधारण १६-१७ अंश. म्हणजे कोन तुम्ही ठरवायचाच नाहीये, तो बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलाय, तुम्ही फक्त पाठ उचलायची नाही. पाठ पुढे, धार मागे, दगडावर असतं त्याच्या बरोबर उलट. उलटं गेलात तर पट्टा कापलाच समजा.

खरी मेख आहे पलटीत. पट्ट्याच्या टोकाला आलात की थांबायचं, पूर्ण थांबायचं, मग पाठ चामड्यावर तशीच ठेवून वस्तरा पाठीवर लोळवायचा, धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते आणि मग परतीचा हात. हे मनगटाने करायचं नसतं, पाते आणि मूठ यांच्यामधली जी मान असते ती अंगठा आणि पहिल्या बोटात धरून बोटांतच फिरवायची, पेन्सिल फिरवतो तशी. मनगट वळलं की पात्याचं एक टोक उचललं जातं आणि बाकीच्या धारेला चामडं लागतच नाही. नवशिक्यांच्या पट्ट्यावर चिरा सापडतात त्या बहुतेक दोन्ही टोकांनाच, कारण हात थांबायच्या आत वस्तरा वळवायची घाई. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातलाच घ्या, आणि त्याच्याही आधी बटर लावायच्या बोथट सुरीवर ही पलटी घोटून घ्या, लोक हसले तर हसू देत.

दुसरा घोळ दाबाचा. लटकवलेला पट्टा ढिला धरला किंवा वरून जोर दिला की चामडं खाली दबतं आणि धारेच्या मागून वर येतं, मग जी धार सरळ करायला निघालो तीच गोल होते. आणि गंमत म्हणजे दाढी ओढायला लागली की माणूस आणखी जोर लावतो! पट्टा ताठ, वस्तरा जवळजवळ स्वतःच्याच वजनावर, पातं सपाट टेकून राहील इतपतच दाब. चामडं वस्तऱ्याला किंचित धरून ठेवतंय असं हाताला जाणवतं, याला लोक ड्रॉ म्हणतात, कुठल्या चामड्याला जास्त कुठल्याला कमी, त्यात चांगलं-वाईट असं काही नाही, सवयीचा प्रश्न आहे. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर सरळ ओढण्याबरोबर थोडं तिरकं सरकवत न्यायचं, म्हणजे मुठीकडच्या कोपऱ्यापासून टोकापर्यंत सगळ्या धारेला चामडं लागतं.

किती वेळा? आधी कॅनव्हासवर (चामड्याच्या जोडीला असते ती जाड कापडाची पट्टी) २०-३०, मग चामड्यावर ५०-६०, जाऊन-येऊन एक धरायचं. पण घाईत मारलेल्या ६० पेक्षा सावकाश केलेले ३० बरे. हात बसला की स्पीड आपोआप येतो आणि नाही आला तरी काय अडलंय.

पेस्टबद्दल एकच, पट्ट्याला फासायला मिळते ती हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट स्टील झिजवते, बारीक का होईना पण झिजवतेच. ती रोजच्या चामड्याला फासू नका, एकदा फासली की नीट निघत नाही. तिच्यासाठी वेगळा पट्टा ठेवा आणि तोसुद्धा क्वचित. रोजच्या पट्ट्याला कोरडा स्वच्छ तळहात घासला तरी पुष्कळ, आणि त्याची घडी घालू नका, टांगून ठेवा.

धार आली का ते बघायला अंगठ्याच्या नखावर वस्तरा फिरवणारे महाभाग आहेत, आत्ताच सरळ केलेली धार नखावर का घालवायची देव जाणे. गालावरचा पहिला हातच काय ते सांगतो. दाढी झाली की वस्तरा पूर्ण कोरडा करा, चामड्यावर ओला अजिबात नको, कॅनव्हासवर चार-दोन हात मारा आणि काही दिवस वापरणार नसाल तर पात्याला तेलाचा हलका हात द्या. आणि नीट पट्टा मारूनही दाढी सलग ओढतच राहिली तर पट्ट्यावरचे हात वाढवत बसू नका, दगड काढा किंवा ज्याला दगडावर धार लावता येते त्याच्याकडे वस्तरा द्या.