पथ्याचा दुसरा टप्पा

मला आयबीएस आहे, म्हणजे वरचेवर पोट दुखणं आणि शौचाच्या तक्रारी असणारा आतड्याचा विकार. त्यासाठी पथ्यात बंद केलेले पदार्थ आता एकेक करून खाऊन पाहतेय, त्यातली लसणाची परीक्षा आज संपली. परवा जेवणात पाव पाकळी, काल अर्धी, आज अख्खी. दोन दिवस पोट गप्प होतं. आज दुपारी जेवणानंतर काही तासांनी बेंबीखाली तटतटलं, कळ आली आणि पाठोपाठ शौचाची घाई. वहीत लिहून ठेवलं: अर्धी मानवते, अख्खी नाही. दुखून गेल्यावरही खूप बरं वाटतंय, कारण 'लसूण कायमचा बंद' आणि 'अर्ध्या पाकळीपर्यंत चालतो' यांत जेवणाच्या चवीचा केवढा तरी फरक आहे.

लसूण, कांदा आणि गहू यांत फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी असते. ती तोडणारं पाचकद्रव्य कुणाच्याच लहान आतड्यात नसतं. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. हे सगळ्यांचंच होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात, म्हणून इतरांना जाणवतही नाही तेवढ्या ताणाने आपल्याला कळ येते. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुखणं खरं असतं.

फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर वास तेलात उतरतो आणि त्रास देणारं फ्रुक्टान पाकळ्यांतच राहतं. सूपमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, पाकळी काढली तरी फ्रुक्टान पाण्यात उतरलेलंच असतं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५च्या सुमारास मांडलेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे फ्रुक्टानसारख्या नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी असलेलं हे माझं पथ्य, बहुतेकांना ठाऊक असतो तो 'काय खाऊ नये' या यादीपुरता. ती यादी फक्त पहिला टप्पा आहे, २ ते ६ आठवड्यांचा. पुढे अशा साखरांचा एकेक गट थोडा थोडा खाऊन पाहायचा आणि जे मानवेल ते ताटात परत आणायचं. खरं काम हेच. पण पोट शांत झालं की भीतीने माणसं पहिल्याच टप्प्यात वर्षानुवर्षं अडकतात. मग आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होतात, आहार तोकडा पडतो आणि चारचौघांत जेवायला बसणंही नको वाटू लागतं. म्हणून हे आहारतज्ज्ञाच्या सोबतीने करावं असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

आणि गहू सोडण्याआधी सिलियाक आजाराची (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यावर ती फसवी येऊ शकते. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, रात्री झोपमोड करणारा त्रास, यांपैकी काही असेल तर पथ्य नंतर, डॉक्टर आधी.

बाकी वेळेवर जेवण, चहा-कॉफी बेताची आणि कोंड्याऐवजी इसबगोल, एवढं सांभाळलं तरी काहींना बराच आराम पडतो. यादीला हात लावण्याआधी हे करून पाहावं.

आता पोट पुरतं निवेपर्यंत पहिल्या टप्प्याचंच जेवण. मग दूध: आधी पाव कप, मग अर्धा, मग पूर्ण. त्या दिवसांत लसूण अर्धी पाकळीसुद्धा नाही, नाहीतर पोट बिघडलं तर ते कशाने हे कळायचं नाही.