तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे नाहीत, मग मेडल कशाला?

पुण्याला गेले की हा प्रश्न येतोच, यंदा मावशीकडे जेवताना परत आला. "तुमच्या ऑस्ट्रेलियात आग विझवायला सरकार माणसं ठेवत नाही का गं? फुकट राबवून घ्यायचं आणि वर एक मेडल हातात द्यायचं, काय करायचंय त्या मेडलचं?" पानावर बसून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

सरकार माणसं ठेवतं, सिडनी शहरात पगारी फायर ब्रिगेड आहेच. पण शहर संपलं की रान सुरू होतं आणि तिथे काम असतं रूरल फायर सर्व्हिसचं, आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तिचे सत्तर हजारांहून जास्त व्हॉलंटियर आहेत. प्लंबर, नर्स, शाळेतल्या टीचर, शेतकरी, रिटायर झालेले लोक. इतक्या मोठ्या रानात प्रत्येक दरीच्या तोंडाशी पगारी माणूस बारा महिने बसवून ठेवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुठली कच्ची वाट पुढे बंद होते, कुणाच्या शेततळ्यात अजून पाणी आहे हे शेजारीपाजारी राहणाऱ्यालाच माहीत असतं.

मी स्वतः पाईप घेऊन आगीसमोर उभी राहत नाही, आमच्या स्टेशनवर रेडिओ सांभाळते. 26 ऑक्टोबर 2019 ला वोलेमाय नॅशनल पार्कमध्ये वीज पडली आणि त्यातून गॉस्पर्स माउंटनची आग लागली, ती पुढे पाच लाख हेक्टरच्या वर पसरली. अडीच महिने आमच्या भागात सगळं त्या आगीभोवतीच फिरत होतं. 21 डिसेंबरला बिलपिनच्या सफरचंदाच्या बागांकडे आग सरकली तेव्हा दुपारी आमच्या दारात अंधार झाला होता, रेडिओवर एकाच वेळी चारचार आवाज, आणि आमची एक गाडी दहा मिनिटं उत्तरच देईना. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. गाडी आली, सगळे उतरले, कुणी काही बोललं नाही, पाणी प्यायले आणि तासाभराने परत निघाले.

त्याच्या दोनच दिवस आधी, 19 डिसेंबरला, बक्स्टनजवळ एक झाड कोसळलं, टँकर उलटला आणि हॉर्स्ली पार्कच्या, आमच्यासारख्याच व्हॉलंटियर ब्रिगेडचे जेफ्री कीटन आणि अँड्र्यू ओड्वायर गेले. एक 32 वर्षांचा, दुसरा 36 चा, दोघांच्याही घरी तान्ही म्हणावीत इतकी लहान मुलं. जेफ्रीच्या अंत्यविधीला रूरल फायर सर्व्हिसचे तेव्हाचे कमिशनर शेन फिट्झसिमन्स गुडघ्यावर बसले आणि त्याच्या दीड वर्षांच्या मुलाच्या शर्टाला त्यांनी बाबाचं मेडल लावलं. अँड्र्यूच्या मुलीने बाबाचं हेल्मेट घातलं होतं. मावशी, मेडल कशाला असं तू विचारलंस तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तीच दोन मुलं आली. त्या मुलांना बाबा आठवणारसुद्धा नाही, पण मोठी झाल्यावर हातात घेऊन बघायला काहीतरी असेल.

आता पैशाचं. तुझं म्हणणं मला पटतं, अगदी पूर्ण पटतं. लोक बिनपगारी रजेवर होते, स्वतःचा धंदा असलेल्यांचं तर उत्पन्नच बंद. डिसेंबरअखेर सरकारने दिवसाला 300 डॉलरपर्यंत, जास्तीत जास्त 6000 डॉलर अशी भरपाई जाहीर केली, तीसुद्धा दहा दिवसांपेक्षा जास्त काम केलेल्यांना. ती आधी यायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. मेडलने घराचा हप्ता भरत नाही. पण भरपाई मिळाली म्हणून मान द्यायची गरज संपते असंही नाही, दोन्ही द्यायला हवं, एकाच्या बदल्यात दुसरं नको.

हे लिहिताना आपलं गाव आठवतंय. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की बाबा आणि वाडीतली चारपाच माणसं ओल्या डहाळ्या घेऊन धावायची, फॉरेस्टचा वॉचर आधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढत असायचाच, पण वारा फिरला की तीही पुरायची नाही. रात्री काळ्या तोंडाने घरी यायचे, आई पाणी तापवून ठेवायची. त्या माणसांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. बाबा गेले, आता विचारायचं कुणाला?

म्हणून मला ते नाव लिहिणं महत्त्वाचं वाटतं. इथे नॅशनल इमर्जन्सी मेडल असतं, 2019-20 च्या आगींसाठीही ते जाहीर झालं, पण ते आपोआप घरी येत नाही, नाव पाठवावं लागतं, आणि इथले लोक स्वतःचं नाव पाठवायला तयार नसतात. आमच्या स्टेशनवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. त्या अडीच महिन्यांत सँडविचेस, चहा, डोळे धुवायचं पाणी आणि मुख्य म्हणजे रजिस्टर, हे सगळं त्यांच्याकडे. कोण किती वाजता गाडीत बसलं, किती वाजता परत आलं, सगळं त्यांच्या हाताने लिहिलेलं, त्या पानांमुळेच आम्हाला कळायचं कोण अजून बाहेर आहे. नावं पाठवायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, मी कुठे आगीवर गेले, माझं नको. आम्ही रजिस्टर काढलं तर त्यात त्यांचं नाव एकदाही नव्हतं, स्वतःला त्यांनी कधी लिहूनच घेतलं नव्हतं. मग कॅप्टन आणि मी एका रविवारी बसलो आणि ज्या ज्या दिवसाचं पान त्यांच्या अक्षरात आहे ते सगळे दिवस मोजले, आणि ते पाठवले.

मेडल आलं त्या दिवशी त्यांनी डबी उघडून पाहिली, मिटली आणि पर्समध्ये ठेवली. मग मला म्हणाल्या, ते रजिस्टर जरा दे गं. आणि चष्मा लावून एकेक पान उलटत बसल्या.