डॉक्युमेंटेशन सुधारताना वापरकर्त्यांची मदत कशी घेतली

ओपन सोर्स प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनसाठी ‘मदत हवी आहे’ असं सरसकट आवाहन केलं की शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या येतात, दोनचार तुटलेल्या लिंक कळतात आणि विषय तिथेच थांबतो. वापरणाऱ्याला आपण कुठे अडलो हे अचूक ठाऊक असतं, पण पान कसं रचावं हा काही त्याच्या डोक्याचा ताप नाही. म्हणून आम्ही मागणीच बदलली. लिहू नका, कुठे अडलात तेवढं सांगा.

त्यासाठी प्रत्येक पानाखालचा ‘हे पान उपयोगी पडलं का?’ हा हो-नाहीचा प्रश्न काढून टाकला. त्यातून पान वाईट आहे एवढंच कळतं, कुठे वाईट आहे ते कळत नाही. शिवाय निम्मे ‘नाही’ सॉफ्टवेअरवरच्या रागाचे असतात. त्याजागी तीन रकाने ठेवले: काय करायचं होतं, कितव्या पायरीपर्यंत पोचलात, पडद्यावर काय आलं. पानाची आवृत्ती फॉर्ममध्ये आपोआप भरली जाते, कारण ती विचारली की लोक ‘लेटेस्ट’ असं लिहितात. शेवटच्या रकान्यात एकच आग्रह: स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून चिकटवा.

हा आग्रह किती कामाचा आहे ते एका तक्रारीवरून दिसलं. इन्स्टॉलेशनच्या पानावरची एक कमांड ‘अनोळखी आर्ग्युमेंट’ म्हणून अडत होती. आमच्यापैकी ज्याने त्याने स्वतःच्या टर्मिनलवर ती टाइप केली, आणि ती व्यवस्थित चालली. चिकटवलेला मजकूर नीट पाहिल्यावर ध्यानात आलं की पर्यायाच्या आधीचे दोन हायफन तिथे नव्हतेच, एकच लांब डॅश होता. आमची पानं ज्या साधनातून तयार होतात त्या स्फिंक्समध्ये ‘स्मार्टकोट्स’ ही सोय मुळातच चालू असते. साध्या मजकुरातल्या दोन हायफनांचा ती एन-डॅश करते आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार करते. कोड म्हणून खूण केलेल्या मजकुराला मात्र ती हात लावत नाही. ही कमांड वाक्याच्या ओघात, खुणेशिवाय लिहिलेली होती. टाइप करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, कॉपी करणारा मात्र दरवेळी आपटणार. मग सगळ्या स्रोत-फाइलींत कोडच्या खुणेबाहेरचे जोड-हायफन शोधून काढले. कमांडच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्हही असंच छळतं: नवखा माणूस तेही कॉपी करतो आणि शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, त्यालाच कमांड समजतं. ‘कॉपी’ बटण देणारं स्फिंक्सचं एक्स्टेन्शन हे चिन्ह, म्हणजे प्रॉम्प्ट, वगळू शकतं, पण ते कॉन्फिगरेशनमध्ये सांगावं लागतं.

शोधाच्या पेटीत काय टाकलं जातं आणि कशाला एकही निकाल येत नाही, याची यादी हाही मोठा ठेवा आहे. लोक ‘पासवर्ड विसरलो’ शोधतात आणि पानाचं शीर्षक असतं ‘क्रेडेन्शियल व्यवस्थापन’. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. लोकांचा शब्द शीर्षकात घ्यायचा.

आलेल्या तक्रारी लावायला डॅनिएले प्रोसिडा यांची ‘डायटॅक्सिस’ ही मांडणी उपयोगी पडते. तिच्यात पानांचे चार प्रकार आहेत: शिकवणी, कृती, संदर्भ आणि स्पष्टीकरण. ‘माहिती अपुरी आहे’ असं म्हटलं जातं तेव्हा बरेचदा माहिती असते, पण चुकीच्या जागी. पहिल्यांदाच धडा गिरवणाऱ्यासमोर मध्येच वीस पर्यायांचा तक्ता आला की तो तिथेच बसतो. तक्ता संदर्भाच्या पानावर हलवला आणि धड्यात एक लिंक ठेवली की काम भागतं.

वापरकर्ते उपायही पाठवतात, आणि तिथे सावध राहावं लागतं. ‘सुडो लावलं की चालतं’ (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने चालवा), ‘फाइलच्या परवानग्या ७७७ करा’ (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं), ‘सर्टिफिकेटची तपासणी बंद करा’ (म्हणजे समोरची साइट खरी आहे का ते पाहूच नका). पाठवणाऱ्याकडे ते खरोखर चाललेलं असतं, पण म्हणून पानावर घ्यायचं नसतं. तसा उपाय नाकारून तक्रार बंद करणंही चूक, कारण सुडो लागतंय म्हणजे बहुधा फोल्डरची मालकी चुकतेय आणि ती पायरी आपल्या पानावर नाही.

ज्यांना स्वतः दुरुस्ती करायची असते त्यांच्यासाठी प्रत्येक पानावर ‘हे पान संपादित करा’ ही थेट स्रोत-फाइलीकडे नेणारी लिंक हवी. ती फाइल मार्कडाउन या सोप्या खुणांच्या पद्धतीत असेल तर उत्तम. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या दुसऱ्या पद्धतीतली मोकळी ओळ आणि इंडेंट सांभाळताना नवे लोक कंटाळतात. प्रत्येक पुल रिक्वेस्टमागे, म्हणजे बदल स्वीकारा अशा विनंतीमागे, पानाचा पूर्वदृश्य बिल्ड आपोआप व्हायला हवा. एका रिक्वेस्टमध्ये एकच पान, आणि मजकूर कोणत्या परवान्याखाली जाईल ते योगदानाच्या फाइलीत आधीच लिहिलेलं. शैलीच्या बारीक चुका तपासणाऱ्याने स्वतःच दुरुस्त कराव्यात आणि रिक्वेस्ट मर्ज करावी, म्हणजे मूळ मजकुरात सामील करावी. स्वल्पविरामांवर दहा टिप्पण्या मिळालेला माणूस पुन्हा फिरकत नाही. बाहेरच्या लिंकांची तपासणी दर रिक्वेस्टला लावू नये, आठवड्यातून एकदा वेगळी चालवावी. नाहीतर भलतीच साइट तासभर बंद पडते आणि तपासणी नापास झाल्याची लाल फुली बिचाऱ्या नवख्याच्या कामावर उमटते.

दुरुस्ती झाल्यावर मूळ तक्रार करणाऱ्यालाच पान पाठवायचं आणि कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या रिकाम्या संगणकावर, पहिल्या पायरीपासून करून बघायला सांगायचं. त्याच्या जुन्या मशीनवर अर्ध्या गोष्टी आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे तिथली चाचणी धरायची नाही.

सगळ्यात जास्त काम सांडतं ते आवृत्त्यांमध्ये. दुरुस्ती मुख्य ब्रँचवर, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या शाखेवर जाते, तक्रार करणारा मात्र आधीच्या स्थिर आवृत्तीचं पान वाचत असतो. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. म्हणून दुरुस्ती मर्ज करतानाच ती चालू स्थिर ब्रँचवर चेरी-पिक करायची (तेवढाच बदल तिथेही उचलून न्यायचा), आणि पान हलवलं असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारा रीडायरेक्ट त्याच कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या त्याच नोंदीत टाकायचा.