लेबलवरचं 'डायहायड्रेट' आणि मोल गुणोत्तराचं गणित: माझा अनुभव

ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागून मोल (कणांची ठरावीक मोठी संख्या मोजायचं एकक) करायचे, समीकरणातल्या गुणोत्तराने गुणायचं, आलेल्या मोलचे परत ग्रॅम करायचे. मोल गुणोत्तराचं गणित एवढंच. समीकरण संतुलित करण्यात माझं कधी अडलं नाही. अडलं ते पहिल्याच भागाकारात, आणि तिथली चूक इतकी बेमालूम असते की अजूनही आठवली की वैताग येतो.

कॉपर क्लोराइडच्या द्रावणात ॲल्युमिनिअमची फॉइल टाकून तांबं मिळवण्याचा प्रयोग घ्या. २ मोल ॲल्युमिनिअम आणि ३ मोल कॉपर क्लोराइड यांपासून ३ मोल तांबं आणि २ मोल ॲल्युमिनिअम क्लोराइड तयार होतं. समीकरणात नुसतं 'कॉपर क्लोराइड' असतं, म्हणून रेणुवस्तुमान धरलं जातं १३४.४५. बाटलीत असतं डायहायड्रेट, म्हणजे प्रत्येक रेणूमागे स्फटिकजलाचे दोन रेणू. त्याचं वस्तुमान १७०.४८. ३६ ग्रॅमचा हा फरक निव्वळ पाण्याचा.

आता २.०० ग्रॅम पूड घेतली. १३४.४५ ने भागलं तर ०.०१४९ मोल, तांबं अपेक्षित ०.९४५ ग्रॅम. १७०.४८ ने भागलं तर ०.०११७३ मोल, तांबं ०.७४५ ग्रॅम. तराजूवर भरतं ०.७२. बरोबर आकड्याशी ताडलं तर उतारा (अपेक्षित तांब्यापैकी हाती आलेला भाग) ९७ टक्के, चुकीच्या आकड्याशी ७६. आणि ७६ टक्के बघून कुणाला शंका येत नाही! गाळणकागदाला थोडं चिकटलं असेल, धुताना वाहून गेलं असेल, अशी कारणं हाताशी तयारच असतात. प्रयोग पुन्हा केला, कितीही जपून केला, तरी आकडा ७९ च्या वर जात नाही. १३४.४५ भागिले १७०.४८ करून बघा, तेवढंच येतं. उतारा दरवेळी एकाच आकड्याला अडत असेल तर हाताला दोष देणं थांबवा आणि लेबल वाचा.

लेबल पुसलेलं असेल तर रंग बघा. डायहायड्रेट निळसर हिरवं, निर्जल (स्फटिकजल नसलेली) पूड पिवळट तपकिरी. निर्जल पूड हवेतला ओलावा ओढते, तेव्हा तीही उघडी ठेवून सावकाश वजन करत बसू नका.

याहून वाईट म्हणजे दोन चुका एकमेकींना झाकतात. तांब्यात ०.२ ग्रॅम पाणी राहिलं की वजन ०.९२, चुकीच्या ०.९४५ शी ताडलेला उतारा ९७ टक्के, आणि गणित चुकलंय हे कळतच नाही. म्हणून तांबं वाळवा, वजन करा, परत वाळवा, लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत. आच मंद ठेवा. जास्त तापलं की तांबं काळं पडतं आणि ऑक्साइडमुळे वजन वाढतं. आधी पाण्याने आणि शेवटी थोड्या इथेनॉलने धुतलं तर लवकर वाळतं.

गुणोत्तर मोलचं असतं, ग्रॅमचं नाही, हे सगळे म्हणतात, तरी २:३ बघून २ ग्रॅम पुडीला १.३३ ग्रॅम फॉइल कापणारे भेटतात. लागते फक्त ०.२१ ग्रॅम: ०.०११७३ गुणिले २/३ म्हणजे ०.००७८२ मोल, गुणिले ॲल्युमिनिअमचं अणुवस्तुमान २६.९८. गुणोत्तर उलटं पडू नये म्हणून प्रत्येक आकड्यापुढे 'मोल तांबं', 'मोल ॲल्युमिनिअम' असं पदार्थाचं नाव लिहा, नुसतं 'मोल' नको.

प्रत्यक्षात मी ०.२५ ग्रॅम फॉइल घेतो. थोडं ॲल्युमिनिअम हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात खर्च होतं, त्याचं तांबं मिळत नाही. (म्हणूनच जवळ ज्योत नको. बीकरही चांगलाच तापतो.) इथे आणखी एक खड्डा आहे. ०.२५ ग्रॅम म्हणजे ०.००९२७ मोल, ०.०११७३ पेक्षा कमी, म्हणून 'आधी ॲल्युमिनिअम संपणार' असं वाटतं. मोल थेट ताडू नका, आधी आपापल्या सहगुणकाने (समीकरणातल्या २ किंवा ३ या आकड्याने) भागा. ०.००९२७ भागिले २ म्हणजे ०.००४६. ०.०११७३ भागिले ३ म्हणजे ०.००३९. लहान आकडा कॉपर क्लोराइडचा, तेच लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, आणि अपेक्षित तांबं त्याच्यावरूनच काढायचं.

बीकरही हेच सांगतो. निळा-हिरवा रंग पूर्ण गेला आणि फॉइलचे तुकडे उरले, तर कॉपर क्लोराइड संपलं. फॉइल संपूनही रंग राहिला, तर ॲल्युमिनिअम कमी पडलं. उरलेले तुकडे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, त्यात तांबं विरघळत नाही. तुकडे तसेच राहिले तर तेही तांब्याच्या वजनात धरले जातात.

आणि हो, मधल्या पायरीत ०.०११७३ चं ०.०१ करू नका. तिथेच जवळपास १५ टक्के गेले.