व्हायकाउंट आणि तिजोरी: मसुद्याची सहावी नोंद

एकूण शब्द ६१,३००. मागच्या नोंदीत हाच आकडा ६४,८०० होता. दोन महिने रोज पहाटे उठून बसले आणि कादंबरी साडेतीन हजार शब्दांनी आखूड झाली. तरी मी खुशीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: साल १८१६, लंडन. पत्ते आणि बायका यांत घराणं बुडवत आणलेला एक व्हायकाउंट, म्हणजे इंग्लंडमधला एका दर्जाचा सरदार, आणि एका दिवंगत बँकरची एकुलती एक मुलगी, वय चोवीस. तो पैशासाठी तिच्या मागे लागतो आणि मग खराच प्रेमात पडतो. गोष्ट जुनीच आहे, मला तीच लिहायची होती. नावं मात्र ठरेनात. खऱ्या सरदार घराण्यांच्या यादीत नसलेली आणि तरी कानाला खरी वाटणारी पदवी शोधणं हे भलतंच किचकट काम. म्हणून मसुद्यात तो नुसता 'व्हायकाउंट' आणि ती 'तिजोरी'. गंमत म्हणून ठेवलेलं हे नाव पुढे अंगाशी आलं.

आधी गेलेल्या शब्दांबद्दल. सहाव्या प्रकरणात शिंप्याचं देणं थकल्यामुळे त्याला अटक होऊन मार्शल्सीच्या तुरुंगात टाकतात, असं होतं. ओलसर भिंती, उंदीर, पश्चात्ताप, सगळं यथासांग. माझं सर्वांत लाडकं प्रकरण. मग कळलं की त्या काळी पीअर असलेल्या, म्हणजे स्वतःची सरदारकी असलेल्या माणसाला दिवाणी कर्जापायी अटकच करता येत नसे. घरातल्या सामानावर जप्ती येई, पण अंगाला हात लावायचा नाही. बायरनच्या पिकॅडिलीतल्या घरात १८१५च्या नोव्हेंबरात बेलिफ शिरला, पण बायरनला स्वतःला कुणी तुरुंगात नेलं नाही. लंडनचा छानछोकीचा बादशहा ब्रमेल, त्याला पदवी नव्हती, त्यामुळे कर्जापायी १८१६च्या मे महिन्यात त्याला रातोरात फ्रान्समधलं कॅले गाठावं लागलं. एक पळवाट होती. माझ्या नायकाला अर्लचा, म्हणजे व्हायकाउंटहून वरच्या सरदाराचा, थोरला मुलगा करायचं. अशा मुलाची व्हायकाउंटगिरी नुसती मानाची, कायद्याच्या लेखी तो सामान्य माणूस, म्हणजे अटक शक्य. दोन दिवस मोह झाला. पण मग बाप जिवंत ठेवावा लागतो आणि बापाच्या धाकातला रंगेल माणूस हा रंगेल राहत नाही, वाया गेलेलं पोर होतो. उंदीर गेले.

त्यांच्या जागी जे सुचलं ते जास्त चांगलं आहे. जुगारातलं देणं कायद्याने वसूल होत नसे, तरी तेच आधी फेडायचं, नाहीतर क्लबात तोंड दाखवायला जागा नाही. शिंपी, मेणबत्तीवाला, घोड्यांना दाणा पुरवणारा यांचं देणं कायद्याने खरं, पण त्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. आता सहाव्या प्रकरणात व्हायकाउंट आपली करड्या घोड्यांची जोडी विकतो आणि त्या पैशातून पहिल्यांदा मेणबत्तीवाल्याचं बिल भागवतो. वॉटियर्स क्लबात मॅकाओ या पत्त्यांच्या जुगारात त्याच्याकडून जिंकलेला मित्र बसून राहतो आणि क्लबभर छी थू होते. सुधारणेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मेणबत्तीवाल्यालाही पाझर फुटत नाही. यात काहीतरी डाव आहे असं धरून तो प्रत्येक नोट उजेडापुढे धरून पाहतो. बँक ऑफ इंग्लंडने १७९७ पासून नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं होतं, बाजारात एक आणि दोन पौंडांच्या नोटांचा सुळसुळाट होता आणि खोट्या नोटाही तितक्याच. बिचाऱ्याचं बरोबरच आहे.

हवामान: जुलैतला उन्हातला वनभोजनाचा प्रसंग कापला. १८१५च्या एप्रिलमध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. आता दोघं बंद गाडीत बसून पाऊस बघतात. बरंच झालं, गाडीत अंतर कमी असतं.

ऑलमॅक्स या बड्या लोकांच्या नाचाच्या सभागृहातली दुसरी भेटही गेली. बँकरच्या मुलीला तिथल्या कारभारणींनी प्रवेशाची चिठ्ठी दिली असती हे मला स्वतःलाच पटेना. शिवाय तिथे प्यायला चहा नि लिंबूपाणी, खायला पातळ कापांचा ब्रेड-बटर. रंगेल माणसाने तिथे करायचं काय? ती भेट ड्रुरी लेनच्या नाट्यगृहात हलवली. नट एडमंड कीन 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक करतोय आणि प्रेक्षागृहातले दिवे विझवायची पद्धत नसल्यामुळे लोक रंगमंचापेक्षा एकमेकांकडेच बघतायत. कर्जबाजारी तरुण आणि श्रीमंत वारसदारीण यांचंच नाटक समोर चाललेलं असताना हे दोघं नजर चुकवत बसलेत. हा प्रसंग एका बैठकीत उतरला. तसं सहसा होत नाही.

भाषेचा घोळ अजून मिटलेला नाही. 'माय लॉर्ड' मराठीत लिहिलं की वाचणाऱ्याला न्यायाधीश दिसतो. 'सरकार' लिहिलं की इंग्लंड पुसलं जातं. सध्या नोकरांच्या तोंडी 'लॉर्डसाहेब' आहे, त्यावर मी खूश नाही. अशा नायकाला इंग्रजीत 'रेक' म्हणतात, त्या शब्दासाठी लफंगा, छाकटा, बदफैली सगळे चाखून पाहिले. लफंग्याला पदवी शोभत नाही आणि बदफैलीवर प्रेम बसत नाही. 'रंगेल' राहिला. त्याची आत्या 'गुलछबू' म्हणते, तो तिच्यापुरता.

इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. ती माणसं जवळीक दाखवायला आडनावावरून पहिल्या नावावर येतात. आपल्याकडे आपण, तुम्ही, तू अशा तीन पायऱ्या आहेत, त्या वापरल्या नाहीत तर मराठीत लिहिलं कशाला? नवव्या प्रकरणात तो 'आपण'वरून 'तुम्ही'वर येतो, कुणाच्या लक्षातही येऊ नये इतक्या हळू. ती 'तू' कधी म्हणणार, हे कित्येक आठवडे अडलं होतं. चुंबनानंतर घातलं, काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. गुळमट व्हायचं. ते सुटलं लग्नाच्या करारनाम्यात.

हा करारनामा म्हणजे चौदावं प्रकरण. लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता आपोआप नवऱ्याची आणि जमिनीचं उत्पन्नही त्याच्या हातात, हा तिथला कायदा. १८७० आणि १८८२चे कायदे येईपर्यंत तसंच चाललं. माझ्या नायिकेचे चाळीस हजार पौंड तीन टक्क्यांच्या कॉन्सोल या सरकारी रोख्यांत आहेत, वर्षाला बाराशे पौंड व्याज. रोखे जंगमच, म्हणजे सगळेच्या सगळे त्याचे. यातून वाट काढायला श्रीमंत घरं वकिलाकडून करार करून घेत. पैसा विश्वस्तांच्या नावे, तिच्या स्वतंत्र उपयोगासाठी. शिवाय वर्षाचा हातखर्च, विधवा झाली तर तिला वर्षासन, मुलांचे वाटे.

हे कागद नसले तर नव्हे, असूनसुद्धा काय होई, त्यासाठी कॅथरिन टायल्नी-लाँगचं आयुष्य बघा. भाऊ लहानपणीच गेल्यामुळे सगळी इस्टेट तिच्याकडे आली. १८१२ साली तिने वेलिंग्टनच्या पुतण्याशी, विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं. त्याने इतकं कर्ज केलं की १८२२ मध्ये वॉन्स्टेड हाउसमधल्या सामानाचा लिलाव झाला. पुढे तो प्रासादच पाडून दगडविटा विकल्या. ती १८२५ मध्ये गेली आणि मुलांचा ताबा त्याच्याकडे देऊ नये असं कोर्टाने ठरवलं. न सुधारलेला रंगेल माणूस असा असतो. हे वाचल्यावर माझ्या नायकाची शेवटच्या पानावरची शपथ मला वाचवेना.

तर लिंकन्स इनमधली वकिलाची खोली. जुन्या मसुद्यात मुलीचे काका अटी घालत आणि हा मुकाट्याने सही करी. नव्यात तो स्वतःच एक कलम जास्त मागतो. चॅन्सरी कोर्टात अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा कलमाची सोय निघाली होती. बायकोला पुढचं उत्पन्न आधीच विकता किंवा गहाण टाकता येत नाही, तिने स्वतः होकार दिला तरी नाही. लाडीगोडीने किंवा धाकाने नवऱ्याने तिची सही मिळवू नये म्हणून. काका चकित होतात. व्हायकाउंट म्हणतो, "मी मला ओळखतो. गोड बोलून सही मिळवण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

इथे मी थांबले होते, टाळ्यांची वाट बघत. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा लक्षात आलं की या अख्ख्या प्रसंगात ती एका कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली आहे आणि एक शब्द बोलत नाही. दोन पुरुष तिला कसं आणि किती कुलपांनी बंद करायचं यावर सज्जनपणे चर्चा करतायत. नाव 'तिजोरी' ठेवलं होतं आणि लिहिलीही तिजोरीच.

मग ती बोलली.

"सुधारलास तू, आणि कुलूप माझ्या हाताला?"

रागात आलेलं हे पहिलं 'तू'. ते ऐकून व्हायकाउंट काकांच्या समोरच उठून उभा राहतो. ती वकिलाकडून लेखणी घेते, स्वतंत्र मालमत्तेचं कलम तसंच ठेवते आणि त्याने मागितलेल्या कलमावर आडवी रेघ मारते. तिचा पैसा, उद्या हा गोड बोलायला आला तर 'नाही' म्हणायचं कामही तिचं. त्याला हे आवडत नाही. पंधराव्या प्रकरणभर आवडत नाही.

सोळावं सुरू केलंय. लग्नाचा दिवस आहे, सकाळी आठ ते बाराच्या आत चर्चमध्ये, कारण साध्या परवान्यावर तेवढीच मुभा होती. तिला आता नावही मिळालंय, हॅरिएट. काल रात्री संगणकाला सांगून मसुद्यातला 'तिजोरी' हा शब्द सगळीकडे एकदम बदलून टाकला. पहिल्या प्रकरणात तिच्या वडिलांच्या पेढीच्या तळघरात आता एक लोखंडी हॅरिएट उभी आहे, तिला तीन कुलपं आहेत आणि ती उघडताना करकर वाजते.