लॉगबुकात संध्याकाळ आधीच झाली होती

मी तेव्हा प्रदूषण मंडळात फील्ड ऑफिसर होतो, एरिया चिखली-कुदळवाडी. आळंदीहून पालखी निघायच्या आधीचे दिवस म्हणजे नुसती पळापळ, इंद्रायणीवर फेस आला की फोनवर फोन. लोक लगेच कंपन्यांच्या नावाने खडे फोडतात, पण फेसात घराघरातलं साबणाचं सांडपाणीही भरपूर असतं, ते कोणाला ऐकायचं नसतं. असो.

त्या दिवशीची तक्रार वेगळी होती, नाल्याला पिवळं पाणी. पिवळं म्हटलं की आमच्या डोक्यात आधी क्रोम प्लेटिंगच येतं, म्हणजे धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याचं काम. नाल्याच्या कडेकडेने वर चालत गेलो, एका ठिकाणी पाणी परत नेहमीसारखं काळं दिसायला लागलं आणि तिथंच एका शेडमागून पाईप बाहेर आलेला. आत सुपरवायझर. "मालक बाहेरगावी आहेत साहेब, चहा सांगू का?" ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, चकाचक, टाक्या कोरड्या ठणठणीत. लॉगबुक मागितलं, तर दुपारचे बारा वाजलेत आणि वहीत संध्याकाळी सहाचा पीएच भरून झालेला, ७.२! मला हसूच फुटलं.

पण केस उभी राहते ती सॅम्पलवर. १९७४ च्या पाणी कायद्यातलं कलम २१ आम्हाला तोंडपाठ असायचं, जागेवरच नोटीस द्यायची, त्यांनी मागितलं तर त्यांच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग करायचे, सील लावायचं, दोघांच्या सह्या. यात कुठे घोळ झाला तर पाण्यात कितीही विष असू दे, रिपोर्ट कोर्टात चालत नाही. सुपरवायझर काही सही करेना, मालकांना फोन करत बसला, आणि म्हणालो ठीक आहे, सही नाकारली असं लिहून घेतो, तर बाहेरगावी गेलेले मालक दहा मिनिटांत गेटवर हजर! कुरकुरत का होईना, सही केली.

हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, लवकर तपासावं लागतं म्हणून आईसबॉक्स घेऊन ट्रॅफिकमधून थेट लॅब गाठली. लिमिट लिटरला ०.१ मिलिग्रॅम, रिपोर्ट त्याच्या कितीतरी पट. मग कलम ३३अ खाली क्लोजर, लाईट-पाणी तोडायचे आदेश.

सुनावणीला त्यांचे वकील आले, आल्या आल्या नोटिशीची कॉपी मागितली, तारीख बघितली, सील नंबर बघितला, मालकांची सही बघितली. मग चष्मा काढून म्हणाले, "बरं, बँक गॅरंटी किती भरायची ते सांगा."