काकांचा पाना आणि दहा खाचांची पट्टी

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज काकांच्या शेतात मेटल डिटेक्टर, म्हणजे मातीतला धातू शोधणारं मशीन, घेऊन फिरले. दोनदा साबण लावूनही नखांतली माती निघालेली नाही. गुडघे तर दुपारपासूनच कुरकुरतायत. पण लिहून झोपायचं असं ठरवलंय, कारण मागच्या खेपेचं 'उद्या लिहीन' म्हटलं आणि कुठली वस्तू शेताच्या कुठल्या कोपऱ्यात निघाली ते आठवड्यात विसरले. जागा विसरली की वस्तू नुसती भंगार होते.

आजचं निमित्त काकांचा पाना. पेरणीच्या आधी ट्रॅक्टरचा नट आवळताना त्यांनी तो बांधाजवळ खाली ठेवला आणि नंतर तो दिसलाच नाही. परवानगी मागायला गेले तेव्हा म्हणाले, "ते यंत्र घेऊन ये, आधी माझा पाना काढून दे, मग काय उकरायचं ते उकर." आमचा करार साधा आहे. जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचं, प्रत्येक खड्डा बुजवायचा, आणि मौल्यवान किंवा फार जुनं काही दिसलं तर हात न लावता थांबून कळवायचं. संरक्षित जागांच्या आसपास तर मशीन गाडीतून बाहेरच काढायचं नाही.

सकाळी सातला सुरुवात. धसकटांमुळे कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची चकती, जमिनीलगत ठेवता येईना, आणि कॉइल चार बोटं वर गेली की खोली तेवढीच कमी होते. नाण्याएवढ्या वस्तूसाठी माझं मशीन वीतभर खोल जातं, तेही जमीन चांगली असेल तर. बांधाच्या कडेने ओळी धरून दीड तास चालले. निघालं काय? पाच रिंगपुल (पेयाच्या डब्यावरच्या ओढायच्या कड्या), चुरगळलेली फॉइल, पेस्टची जुनी शिशाची ट्यूब आणि जुन्या बॅटरीतली कार्बनची कांडी. कांडी हा धातूही नाही, पण वीज वाहते म्हणून मशीन तिलाही दाद देतं. पहिल्यांदा निघाली होती तेव्हा मी ती पेन्सिलीचं शिसं समजून तासभर खूश होते.

रिंगपुलबद्दल थोडं. डब्यापासून पूर्ण सुटणारी ती कडी आणि तिची जीभ, याचं पेटंट 1963 चं. डब्यालाच चिकटून राहणारी कडी 1975 मध्ये आली. म्हणजे सुटी कडी सापडली की त्या मातीवर साधारण कोणत्या दशकांत कोणी तरी बसून काही प्यायलं, हे कळतं. नाण्यासारखं साल छापलेलं नसतं, तरी कडी आपला काळ सांगते. मी त्या वेगळ्या बरणीत ठेवते. घरात या बरणीचं कौतुक कोणालाच नाही.

पाना मात्र नाही. साडेआठला पाणी प्यायला बसले आणि मशीनच्या पडद्यावर सहज नजर गेली. लोखंड बंद! मी लोखंड गाळून टाकलं होतं, गेल्या वेळची सेटिंग तशीच. पोलादाचा पाना शोधायला निघालेली बाई दीड तास लोखंड न ऐकणारं मशीन घेऊन फिरत होती. बांधावरून काका बघत होते. त्यांना हे मी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

मशीनचं तंत्र एरवी मला फार आवडतं. कॉइलमधून सतत दिशा बदलणारी वीज वाहते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे मातीतल्या धातूत छोटे भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. उत्तर किती उशिरा येतं यावरून मशीन आकडा ठरवतं. चांदी-तांबं वरच्या आकड्यांत, फॉइल खालच्या, लोखंड सगळ्यात तळाशी. गोची अशी की सोन्याची बारीक अंगठी आणि रिंगपुल यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. कडीला कंटाळून तो आकडा बंद करायचा म्हणजे अंगठीलाही दार लावायचं. म्हणून कड्या मी मुकाट्याने खणते. पण लोखंड? ते मी गेली दोन वर्षं बिनदिक्कत बंद ठेवत आले. खिळे खणून पाठ कोण मोडणार!

लोखंड चालू केलं आणि हेडफोनमध्ये गलका झाला. इतका वेळ गप्प असलेलं शेत बोलायला लागलं, आणि तेही घोगऱ्या आवाजात. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच, विजेच्या तोलावर चालणारं यंत्र जुळवलं होतं. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी शरीराच्या उजव्या बाजूलाच शोधायला लावलं, गोळी डावीकडे होती, आणि त्यात पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांचा घोळ. त्या स्प्रिंगांचं दुःख मला आज पहिल्यांदा नीट कळलं.

पाना वीस मिनिटांत मिळाला. ठेवला होता तिथे नाही, चांगला बारा-पंधरा पावलं आत, चार बोटं मातीखाली. नांगर वस्तू ओढून नेतो. नांगरटीच्या थरातली कुठलीच वस्तू मूळ जागी असेल असं धरून चालता येत नाही. काकांनी पाना पुसला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "बरं झालं. आणि सोनं?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी त्यांना इंग्लंडमधल्या हॉक्सनची गोष्ट सांगितली. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. त्याने मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावलं, आणि मित्राच्या मशीनखाली रोमन काळातला ठेवा आला. सोन्याची, चांदीची, ब्राँझची मिळून 14,865 नाणी, शिवाय चांदीचे चमचे आणि सोन्याचे दागिने. त्या मित्राचं मला मोठं वाटतं ते हे, की सगळं उपसून न काढता त्याने वेळीच खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वाच्या लोकांना ठेवा पेटीत कसा रचला होता तेही वाचता आलं. हातोडीही नंतर मिळाली, तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाना खिशात घालत म्हणाले, "हा मी कोणाला देत नाही."

पाना मिळाल्यावर खरं तर लोखंड पुन्हा बंद करायला हवं होतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं. पण चालता चालता लक्षात आलं की गलका सगळीकडे सारखा नाही. शेतभर तुरळक घुरघुर, आणि उतरणीकडे एका खोलीएवढ्या तुकड्यात नुसता कल्लोळ. तुकड्याला कडा होती. एक पाऊल बाहेर टाकलं की शांत, आत टाकलं की गोंगाट.

चार-पाच आवाज खणले. खिळे. त्यातला एक चौकोनी, चारही बाजूंनी निमुळता, डोक्यावर हातोडीचे ठोके दिसणारा, म्हणजे हाताने घडवलेला. दोन खिळे पत्र्यातून कापून केलेले, दोनच बाजूंनी निमुळते. बाकी गोल, तारेचे. तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, कापीव त्याच्या आधीचा, घडीव त्याहूनही जुना. यावरून लगेच साल काढायची घाई करू नये, लोक जुने खिळे सरळ करून पुन्हा वापरत. पण शेताच्या एकाच तुकड्यात तिन्ही जातींचे खिळे दाटीने असतील तर तिथे लाकडाचं काही तरी उभं होतं आणि ते वेळोवेळी दुरुस्त होत गेलं, एवढं म्हणायला हरकत नाही. काकांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या आठवणीत तिथे कधीच काही नव्हतं गं." काकांचं वय पंचाहत्तर.

दोन वर्षं मी अशा जागा गाळून टाकत आले. शांत, स्वच्छ जमिनीत टिंग वाजायची वाट बघत फिरले, आणि माणसं जिथे राबली-राहिली तिथे मशीनचे कान बंद. चिडचिड झाली स्वतःची.

मग मोठी कॉइल काढून लहान लावली. खिळ्यांच्या गर्दीत मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन-चार तुकडे येतात आणि लोखंड शेजारच्या चांगल्या धातूचा आवाज दाबून टाकतं. लहान कॉइल, अगदी सावकाश हात, आणि प्रत्येक आवाजावर काटकोनात फिरून पुन्हा ऐकायचं. दोन तासांत खोलीभर जागाही पुरी झाली नाही. निघालेल्या वस्तू अशा: पाठीमागे कडी असलेलं चपटं पितळी बटण, पिचलेलं अंगुस्तान, कुलपाचं झाकण, चमच्याची दांडी आणि बैलाच्या खुराची अर्धी नाल. अर्धी म्हणजे मोडकी नव्हे, पूर्णच. खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या. अंगुस्तानावरच्या खळ्या ओळीत नाहीत, वाकड्यातिकड्या, म्हणजे हाताने ठोकलेल्या. आत बोट घालून बघितलं, करंगळीसुद्धा जाईना. पिचल्यामुळे की मुळातच लहान, ते ठरेना.

आणि मग ती पट्टी. एका बाजूने गेलं की घुरघुर, काटकोनात फिरलं की त्या घुरघुरीच्या पोटात बारीक टिंग. एरवी सोडून दिलं असतं. नालेच्या आकाराचा काप घेऊन मातीचं ढेकूळ उलटवलं, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) लावला, तर वरच खिळा. तो काढून पुन्हा लावला, खाली अजून काही तरी. बोटभर लांब, पातळ, हिरवी पडलेली पट्टी. तांब्या-पितळेचा हिरवा रंग एकदा ओळखीचा झाला की मातीत लांबूनही दिसतो. शिसं पांढुरकं होतं, लोखंड फुगून तांबडा गोळा होतं, चांदी काळी पडते.

वाटलं, फणी. मग वाटलं, कसली तरी जाळी. पट्टीत दहा खाचा, पण सारख्या नाहीत. एका टोकाला लांब, दुसऱ्या टोकाकडे लहान लहान होत गेलेल्या. थुंकी लावून अंगठ्याने माती हलकेच सारली तर काही खाचांवर एकेक पितळी जीभ, एका टोकाला रिव्हेट मारलेली. तेव्हा कळलं. बाजाच्या पेटीत सूर असतात तेच हे, आकाराने छोटे. माऊथ ऑर्गन!

दहा घरांच्या माऊथ ऑर्गनला वीस सूर असतात. दहा फुंकरीचे एका पट्टीवर, दहा श्वास आत ओढायचे दुसरीवर, आणि मध्ये लाकडाची फणी. लाकूड कुजलं, वरचे पत्रे गंजले, राहिली ती वाजणारी पट्टी. लांब जीभ खर्जाची, आखूड वरच्या सुराची, म्हणून खाचा उतरत्या. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनमध्ये 1857 साली होनर यांनी धंदा सुरू केला आणि पुढे तिथून हे वाद्य जगभर गेलं. पण या पट्टीवर नाव नाही, खूण नाही. ती कोणाची, कधीची, याबद्दल मी काही म्हणणार नाही. एवढं नक्की की खिळ्यांच्या त्या खोलीत कोणी तरी हे वाजवत होतं. काकांना दाखवली तर त्यांनी ओठांजवळ नेली आणि मीच ओरडले, "काका, अहो माती आहे!" हसले. म्हणाले, "ठेव तुला. तुझी मजुरी."

आता घरचं. वहीच्या पहिल्या पानावर मीच ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: घासायचं नाही. नाणं घासून चकचकीत केलं की त्याच्यावरचा जुना थर जातो आणि तो परत येत नाही. हे मी चार जणांना शिकवलंय. तरी संध्याकाळी पट्टी पाण्यातून काढल्यावर एक खाच मातीने भरलेली दिसली, राहवलं नाही, आणि जुन्या टूथब्रशचा एकच हलका फटकारा मारला. जीभ तुटली. आवाजही झाला नाही. शेतातून आणली तेव्हा सहा जिभा होत्या, आता पाच. तुटलेला तुकडा वेगळ्या डबीत घातलाय, उगाचच.

वहीत नोंद केली. पितळी पट्टी एक, खाचा दहा, सूर पाच (सहा होते, चूक माझी). खोली वीतभराला थोडी कमी. जागा उतरणीकडचा खिळ्यांचा तुकडा, पूर्वेच्या कडेपासून चार पावलं आत. खिळ्यांचा नकाशाही काढायला घेतलाय, निम्मा झालाय. एका बाजूला रेघ बऱ्यापैकी सरळ येतेय, भिंतीची असावी.

दुसरी पट्टी तिथेच कुठे तरी असणार. पुढच्या रविवारी जाताना काकांना विचारते, आणखी काही हरवलंय का.